राखेतलं मीठ

रोज सकाळी चहाच्या आधी कालिपा नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि मनात आकडे म्हणायची. अंगठा काढल्यावर कातडीत पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो, ते ती बघायची. डॉक्टरिणीने काही तिला हे करायला सांगितलं नव्हतं. पण चौतीस वर्षं अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला कोण काय करणार. मार्चमधल्या त्या सकाळी खळगा भरायला अठरा आकडे लागले.

"कालच्यापेक्षा चार जास्त," ती म्हणाली. "म्हाताऱ्या, खरं सांग. अजून कुठे लपवून ठेवलंयस?"

सगिनबाय खिडकीपाशी गादीवर पाय लांब करून बसला होता. कोकबुलाक शहरातल्या निम्म्या पुरुषांना लहानपणी त्यानेच कुस्ती शिकवलेली. अजूनही रस्त्यात लोक त्याला 'आगाय' म्हणजे गुरुजी म्हणून हात छातीशी नेत. आता त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये दोनदा थांबावं लागायचं.

"डबा तुझ्याकडे आहे ना," तो म्हणाला.

"एक डबा माझ्याकडे आहे. तू आणखी किती करून ठेवलेयस, मला काय ठाऊक."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. हल्ली तो बोलायचाच नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

डबा होता कुरुतचा. खारवलेल्या दह्याचे वाळवलेले गोळे, तोंडात धरले की तासभर विरघळत राहतात. सगिनबाय आयुष्यभर खिशात कुरुत बाळगून जगलेला माणूस. ऑक्टोबरात डॉक्टरिणीने सांगितलं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, मीठ बंद. दिवसाला सगळं मिळून दीड ग्रॅम सोडियम, त्यावर कणभर नाही. झालं, त्या दिवसापासून कालिपाने घराची प्रयोगशाळा करून टाकली. भाकरी अळणी, रस्सा अळणी, दुधाच्या चहातलं मीठसुद्धा गेलं. अळणी चहा नवऱ्याच्या घशाखाली उतरेना. कुरुत तिने कुलपात टाकलं.

आणि तरीही पाय सुजत राहिले. औषधाच्या गोळ्या वाढल्या, पाय काही उतरले नाहीत. मग तिने शोध सुरू केला. कोटाचे खिसे, गादीखाली, बुटांत, जुन्या ढालींच्या आणि करंडकांच्या मागे. काही सापडेना, तसा तिचा संशय वाढतच गेला, कारण मीठ काही आभाळातून पडत नाही. पाच महिने हेच भांडण. ती थकून घरी यायची, बूट काढायच्या आधी त्याचे घोटे बघायची, आणि तोंड सुटायचं. शेवटी आठ दिवसांपूर्वी सगिनबायने मान खाली घालून कबूल केलं, हो, खातो मी, शेजारच्या म्हातारीकडून घेतो, आता नाही खाणार. त्या रात्री कालिपाला पहिल्यांदा शांत झोप लागली. पण आठ दिवसांत सूज तसूभर कमी झाली नाही. उलट आज चार आकडे जास्त.

तिने कपाटाशेजारच्या खोक्यातून निळ्या पेयाची बाटली काढली, मोठा पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे पी. दुसरी बाटली दुपारी. आणि शेजारणीकडे पाऊल टाकलंस तर बघ."

"बरं, म्हातारे," तो म्हणाला आणि पेला उचलला.

ते पेय म्हणजे 'जोर्गो'. पैलवान, सायकलवाले, घोड्यावरचे खेळाडू यांच्यासाठी शहराबाहेरच्या एका लहान कारखान्यात करायचे. कारखान्याचा मालक सगिनबायचा जुना शागीर्द. आगाय आजारी आहेत असं कळल्यापासून महिन्याला खोकी पाठवायचा. कालिपाने ती परतच पाठवली असती, पण जोर्गोची प्रत्येक खेप तपासायला तिच्याच टेबलावर यायची. तिने स्वतः मोजलं होतं. लिटरमागे एकशेवीस मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे नाममात्र. चहा सुटलेल्या माणसाला काहीतरी पातळ प्यायला हवंच, आणि यातला आकडा तिचा स्वतःचा होता. डॉक्टरिणीला विचारायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून कालिपा जिना तीन टप्प्यांत चढायची. त्या दिवशी टेबलावर आधीच रांग लागली होती: दोन सॉसेज, एक चीज, भाकरीचे चार नमुने आणि जोर्गोची नवी खेप. सगळ्यांतलं मीठ काढायचं. तिने तिजोरीतून तपकिरी बाटली आणली. आत सिल्व्हर नायट्रेट. प्रयोगशाळेत त्याला सगळे नुसतं 'चांदी' म्हणत. हातावर थेंब पडला की उन्हात काळा डाग उमटतो आणि कातडी जाईपर्यंत जात नाही. कालिपाच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची काळी झालेली. बाजारात भाजीवाल्या बायका त्या बोटांवरून तिला ओळखत आणि तिच्यासमोर काटा मारत नसत.

काम तिला झोपेत करता आलं असतं. आज तर अर्धी झोपेतच होती. जोर्गोचा निळा रंग कोळशाच्या पुडीने गाळून काढला. पेय आंबट, म्हणून चिमूटभर सोडा टाकून आंबटपणा मारला. चंबूत पिवळ्या क्रोमेटचे थेंब घातले, आणि वर उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, चांदी थेंब थेंब सोडायला लागली. चांदी पेयातल्या क्लोराइडला धरून पांढरी होऊन खाली बसते. धरायला क्लोराइड उरलं नाही की पुढचाच थेंब सगळा चंबू विटकरी करून टाकतो. तिथे थांबायचं, किती चांदी लागली ते बघायचं. क्लोराइड कळलं की त्याच्या जोडीचं सोडियम हिशेबाने निघतं. सॉसेज असो, लोणची काकडी असो, चौतीस वर्षं हाच हिशेब.

"एजे, आत येऊ?"

दारात नाझिक उभी. कारखान्यातली नवी तंत्रज्ञ, नववर्षानंतर लागलेली, तिशीची, बोलायला फटकळ पण मनाने सरळ. कालिपाला 'एजे' म्हणजे ताई म्हणायची, तसं शहरातली अर्धी माणसं म्हणत.

"ये. बस. स्टुलाचा एक पाय हलतोय, सांभाळ."

"तुमचं इथे काय हलत नाही ते सांगा," नाझिक म्हणाली. मग जरा वेळ ब्युरेटकडे बघत राहिली. "एजे, एक विचारू? रागावू नका."

"विचार. रागवायलाही अंगात त्राण लागतं."

"तुम्ही आमच्यात सोडियम एवढं कमी कसं काय लिहिता? मागचे सगळे कागद काढून बघितले मी. एकशेवीस, एकशेअठरा, एकशेवीस. साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, लिहू दे, कमी दिसलं की लोकांना बरं वाटतं. पण पोतं तर मी स्वतः मोजून ओतते."

"कसलं पोतं?"

"सोडियम सायट्रेटचं. लेबलवर आहे की. ई-तीनशे एकतीस."

"ते आंबटपणा सांभाळायला असतं," कालिपा नळीवरची नजर न हलवता म्हणाली. "तसंच लिहिलंय तुम्ही लोकांनी."

"लिहायचं असतं तसं. सांभाळायला चिमूटभर पुरतं, एजे. आम्ही लिटरला दोन ग्रॅम टाकतो. पोरांच्या घामातून सोडियम जातं ते भरून काढायला. साधं मीठ तेवढं टाकलं तर पोरं तोंडातून थुंकतील. हे खारट लागत नाही ना."

कालिपाचा हात ब्युरेटच्या तोटीवरच राहिला. चंबू विटकरी झाला, मग गडद विटकरी, मग रक्तासारखा लाल. चांदी ओघळत राहिली. असली चूक तिने नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर केली नव्हती.

"एजे, गेलं की पुढे."

कालिपाने तोटी बंद केली. चांदी क्लोराइडला धरते. सायट्रेटमध्ये क्लोराइड नसतंच. म्हणजे त्याच्या पाठीवर बसून आलेलं सोडियम चांदीला दिसलंच नसणार, चौतीस वर्षं घाला नाहीतर शंभर घाला. सॉसेजमध्ये, भाकरीत, लोणच्यात मीठ म्हणजे मीठच, तिथे हा प्रश्नच कधी आला नाही. आणि लेबलवर ई-तीनशे एकतीस तिने दर खेपेला वाचलं होतं. वाचलं होतं आणि पुढे गेली होती, कारण तिच्या डोक्यात मीठ म्हणजे जिभेला खारट लागतं ते.

"आणि पोटॅशियम?" तिने विचारलं. तेही असतं तर सोडियम वेगळं मोजता आलं नसतं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"ते महाग पडतं. आमच्यात नाही. का हो?"

"काही नाही. तू जा. कागद उद्या मिळेल."

"तुमचा चेहरा कसा झालाय. पाणी देऊ?"

"जा म्हटलं ना."

कालिपा पहिल्यांदा लागली तेव्हा तिथे एक म्हातारी मुख्य रसायनतज्ज्ञ होती, फ्रीडा आंद्रेयेव्हना. फळांच्या रसातले आणि वाइनमधले असले क्षार कसे पकडायचे, ते तिने शिकवलं होतं. जाळून टाक, राख कर, राख किती अल्कधर्मी आहे ते आम्ल घालून मोज. सायट्रेट जळून जातं, सोडियम राखेत राहतं, त्याला कुठे पळता येत नाही. ती म्हणायची, जे जिभेला कळत नाही ते राखेला विचारावं. कालिपाने ती रीत पंधरा वर्षांत केली नव्हती. कोणी मागत नव्हतं, आणि भट्टी तापायला वेळ लागतो.

तिने चिनीमातीच्या तीन मुशींत जोर्गोचे पन्नास-पन्नास मिलिलिटर घेतले आणि आटवायला ठेवले. साखरेचं पेय, आटताना फसफसून वर आलं, काळं झालं, खोलीभर करपल्याचा वास सुटला. शेजारच्या खोलीतल्या बायका नाक दाबून डोकावून गेल्या. मग मुशी भट्टीत. सॉसेजची कामं तशीच पडून राहिली. जेवणाच्या सुटीत ती जेवली नाही. भट्टीसमोरच्या खुर्चीवर बसून राहिली आणि मनातल्या मनात देवाकडे एकच मागणं मागत राहिली, की राख साधी निघू दे, नाझिकचं पोतं खोटं ठरू दे, म्हातारा चोर ठरू दे. हो, हेच मागितलं तिने. स्वतःची लाज वाटत होती तरी मागितलं.

दुपारी मुशींच्या तळाशी पांढरी राख उरली. तिने पहिल्या मुशीतली गरम पाण्यात विरघळवली, दोन थेंब मेथिल ऑरेंज टाकलं आणि दुसऱ्या ब्युरेटमधून आम्ल सोडायला लागली. पिवळं होतं ते नारिंगी झालं की संपलं. नाझिक खोटी असती तर एका मिलिलिटरच्या आत संपायला हवं होतं.

एक गेला. पिवळंच. तीन गेले. पाच गेले. पिवळंच. सातला तिचे डोळे भरून आले, म्हणून हात थांबवून बाहीने पुसले, कारण आकडा चुकता कामा नये. दहावर दोन रेघा गेल्या आणि चंबू नारिंगी झाला.

तिने दुसऱ्या मुशीचं केलं. दहावर दोन. तिसरीचंही तेवढंच.

मग चांदीचं परत करून तिने कागद ओढला. चांदीला दिसलेलं एकशेवीस. राखेतून निघालेलं चारशेसत्तर. लिटरला पाचशेनव्वद. सगिनबाय दिवसाला लिटरभर प्यायचा. म्हणजे डॉक्टरिणीने दिलेल्या वाट्यातला दोन पंचमांश भाग निव्वळ त्या निळ्या पाण्यात. मिठाच्या भाषेत दिवसाला दीड ग्रॅम. पाच महिन्यांचे दीडशे दिवस. सव्वादोनशे ग्रॅम, जवळजवळ पाव किलो मीठ तिने स्वतःच्या हाताने पेल्यात ओतून त्याला दिलं होतं, आणि वर बजावलं होतं, संपव. घरभर मीठ शोधत फिरली, बूट झटकले, गाद्या उचलल्या, आणि मीठ तिच्या हातातल्या बाटलीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

पाच वाजता विभागप्रमुख मेलिस आला, कागद वाचला आणि खांदे उडवले.

"एजे, प्रमाणपद्धतीत चांदी लिहिलीय. चांदीने जे येतं तेच लिहायचं. राखेचं तुम्हाला कोणी विचारलंय? पेन्शनला अकरा महिने राहिलेत तुमचे. नसतं झेंगट कशाला?"

"दोन्ही लिहिते," कालिपा म्हणाली. "खाली सही माझी आहे. आणि मागच्या सगळ्या खेपांचंही लिहिते."

"मागच्यांचं कशाला?"

"कोणाच्या तरी घरी खोकी गेली असतील," ती म्हणाली. तिने कागद पुढे ओढला आणि सही केली.

मार्शुत्कात, म्हणजे शहरातल्या लहान बसमध्ये, बसायला जागा मिळाली, तरी ती घरी पोचली तेव्हा पाय ओढत होते. उन्हं अजून खिडकीत होती. सगिनबाय तिथेच बसलेला, दुपारच्या बाटलीचा तळ तेवढा उरलेला. तिला बघून त्याने सवयीने पायांवरचं पांघरूण ओढून घोटे झाकले.

तिने काही न बोलता बाटली उचलली आणि मोरीत ओतली. खोक्यातल्या आणखी नऊ होत्या, त्याही एकेक करून ओतल्या. निळं पाणी गुळगुळ करत जात राहिलं. मग ती त्याच्यापाशी येऊन जमिनीवर बसली.

"मीठ यात होतं," ती म्हणाली. "मला दिसलं नाही. मी चुकीचं मोजलं. आज जाळून बघितलं. तुझे पाय मी सुजवले, म्हाताऱ्या."

सगिनबायने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"म्हणजे कुरुताने नव्हे."

"नव्हे. पण कुरुत तू खाल्लंसच, शेजारणीकडून."

"नाही खाल्लं."

"स्वतः कबूल केलंस की."

"केलं."

"मग का केलंस?" तिचा आवाज चढला, रागाने नव्हे, पण चढला. "न केलेलं कबूल का करतोस? त्या दिवशी नाही म्हणून ठासून बसला असतास, तर मी दुसरीकडे शोधलं असतं."

"तू दमून यायचीस," तो म्हणाला. "रोज तेच भांडण. म्हटलं, मी खाल्लं म्हणालो तर एवढं तरी संपेल. आणि तू मोजलंयस म्हटल्यावर बाटलीत काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ते आवडायचंही नाही, कालिपा. निळीचं पाणी प्यायल्यासारखं लागायचं."

ती रडली. त्याने तिची काळी बोटं आपल्या हातात घेतली आणि अंगठ्याने डाग पुसल्यासारखं करत राहिला, जणू ते पुसले जातात. मग म्हणाला, "ऊठ, चहा ठेव. अळणी तर अळणी. पिऊ."

चहा ठेवताना तिची नजर वरच्या फळीवरच्या डब्याकडे गेली. ती स्टुलावर चढली, कुलूप काढलं, सगळ्यांत लहान कुरुत निवडलं आणि सुरीने त्याचे दोन तुकडे केले. कुरुत तिने शेकडो वेळा तपासलं होतं. त्यात सायट्रेट नाही, काही नाही, नुसतं दही आणि मीठ, आणि तिथे चांदी खोटं बोलत नाही. अर्ध्या तुकड्यात किती, ते तिला पाठ होतं, आणि आजपासून बाटल्या बंद म्हणजे तेवढी जागा होती. त्याच्यासमोर बशी ठेवून ती म्हणाली, "अर्धं खा. दीडशे मिलिग्रॅमही नाही त्यात. चालेल."

सगिनबायने तुकडा उचलला. पाच महिन्यांनी हातात आलेला. नाकापाशी नेला, वास घेतला, आणि तोंडाशी नेता नेता थांबला.

"नक्की ना?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात ना टोमणा होता ना राग. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एखाद्या आकड्याबद्दल हे पहिल्यांदाच विचारलं होतं. कालिपाने त्याच्या बोटांतल्या तुकड्याकडे बघितलं.

"उद्या परत मोजते," ती म्हणाली. तो तुकडा तिने त्याच्या हातातून अलगद काढून घेतला, डब्यात टाकला आणि डबा पुन्हा वरच्या फळीवर ठेवला.